झपझप आणि तिचा टेलर

माझ्या भावजयीचं धावणं मला कधीच पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला तिची भक्त ठरवायला नको. साठी ओलांडलेल्या बाईनं भल्या सकाळी रस्त्यानं पळत सुटायचं, तेही मागे कुणी लागलेलं नसताना, यात काय शहाणपण आहे ते मला अजून कळलेलं नाही. पण ती पळते. घरात तिला सगळे झपझप म्हणतात. नाव माझंच. ती लग्न होऊन आली त्याच आठवड्यात मी ते ठेवलं, कारण ती स्वयंपाकघरातून दाराकडे गेली की मागे पडदा हलायचा. चिडवायला ठेवलेलं नाव तिनं आनंदानं अंगाला लावून घेतलं. चिडवण्याची सगळी मजाच गेली.

झपझप टपाल वाटायची. भरलेली पिशवी उजव्या खांद्यावर, आणि वाट्याला आलेला भाग सगळा चढाचा, जिन्यांचा, भुंकणाऱ्या कुत्र्यांचा. माझा धाकटा भाऊ टेलर. कोट शिवण्यात त्याचा हात धरणारा आमच्याकडे कुणी नव्हता, पण चेहऱ्यांच्या बाबतीत तो जन्मापासून आंधळा. गिऱ्हाइकानं मिशी काढली की झाला परका. मात्र पाठमोरा माणूस चालत गेला तरी तो सांगायचा, हे अमुक मास्तर, यांचा डावा हात बोटभर लांब आहे. मापं तो कधी लिहून ठेवत नसे, सगळी डोक्यात. झपझप दुकानात टपाल टाकायला यायची तेव्हा त्यानं वर न बघताच तिला म्हटलं होतं, "पिशवीचा खांदा बदलत जा, उजवा उतरायला लागलाय." ती म्हणाली, खांदा माझा, तुमचं काय जातं. वर्षाच्या आत लग्न झालं. खांदा तिनं कधीच बदलला नाही आणि तो उतरला तो उतरलाच.

मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल दोघं कधी बोलली नाहीत आणि मीही विचारलं नाही. एरवी मी काहीही विचारते.

पळण्याची सुरुवात टपाल खात्याच्या शर्यतीपासून झाली. बायकांत ही पहिली आली, आणि मग चटकच लागली. आसपास कुठेही शर्यत असली की झपझप हजर. आणि जिथे झपझप तिथे माझा भाऊ. प्रत्येक शर्यतीला तो तिला नवा शर्ट शिवायचा, दुकानात उरलेल्या तुकड्यांतून, दुरून दिसेल अशा भडक रंगाचा. मग रस्त्यातलं एखादं वळण बघून डाव्या हाताला उभा राहायचा. मापाची टेप गळ्यात तशीच. ती काढायचं त्याला सुचायचंच नाही. मी एकदोनदा सोबत गेले आहे. मला समोरून नुसते गुडघ्यांचे थवे येताना दिसत. हा मात्र लांबूनच ओळखायचा, आणि शेजारी जो कोणी उभा असेल त्याला, ओळख असो नसो, सांगायचा, "ती बघा, आली." झपझप जाता जाता हात पुढे करायची, तळव्याला तळवा लागायचा, की ही पुढे पसार. एवढंच. एवढ्यासाठी हा माणूस दुकान बंद ठेवायचा. एकदा मी तिला म्हटलं, तो ओरडत नाही, टाळ्या वाजवत नाही, तुला ऐकू तरी येतं का? ती म्हणाली, "वन्सं, बाकीचं अंतर मी पायांनी पळते. तेवढं वळण कानांनी."

त्याचं बिघडलं ते कोटापासून. एका वकिलाच्या कोटाला त्यानं दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. आम्ही हसलो, वकीलही हसला, म्हणाला, समोरच्या पक्षाला बरं. मग तोच वकील बदललेला कोट न्यायला आला, तर यानं त्याची पुन्हा नव्यानं मापं घेतली. त्यानंतर कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की आधी आजचं जाईल, मग कालचं, आणि जवळची माणसं कधी जातील त्याचा नेम नाही. दुकान बंद झालं.

घरी तो कधी कधी संध्याकाळी झपझपला "बाई" म्हणायचा. "बाई, तुम्ही दमला असाल, बसा." जन्मभर जिला "अगं" म्हणून हाक मारली तिला! सकाळी परत ठीक असायचा. ती म्हणायची, दिवसभरात थकतात, दुसरं काही नाही. मी तोंड उघडलं नाही. माझ्या हिशेबानं हा मोठाच संयम.

अशात आमच्याकडची शर्यत आली. झपझप पळाली, मी त्याला वळणावर घेऊन उभी राहिले, आणि त्यानं तिला लांबून बरोबर हेरलं. म्हणाला, "ती बघ ताई, आली." झालं. झपझपनं त्यावरून सिद्धांतच मांडला. घरात बसलेली मी त्यांच्या हातून सुटते, पण पळताना ओळखतात. तेवढं अजून शाबूत आहे. आणि पंधरा दिवसांत तिनं एका मोठ्या शहरातल्या मॅरेथॉनला नाव घातलं. सबंध बेचाळीस किलोमीटर. दोघांचं म्हणे पहिल्या शर्यतीपासून ठरलं होतं, एकदा तिथे जायचं. दुकान आणि टपाल यांची सुट्टी कधी जमली नव्हती, एवढंच.

मी तिला झाडलं. म्हटलं, दुसरे डॉक्टर गाठ, पळतेस काय. ती बूट घासत बसली होती.

"डॉक्टर त्यांना विचारतात आज वार कोणता," ती म्हणाली. "वार विसरेनात का. मी येताना दिसले की त्यांनी 'आली' म्हणावं. आणखी एकदा. मग पुढचं पुढे."

मी बॅग भरली. माझी नेमणूक राखणदार म्हणून. ती पळत असताना त्याच्याजवळ कुणीतरी हवंच होतं.

शर्यतीचं कानावर पडल्यावर भाऊ आपणहून मशीनवर बसला. किती महिन्यांनी! आम्ही दोघी दारात उभ्या, मुलाचा निकाल ऐकायला आल्यासारख्या. पिवळंधमक कापड होतं. त्याचे हात कुठे अडखळले नाहीत. कात्री कापडातून सरळ गेली, शिवण दोरी लावल्यासारखी, कॉलर तर दृष्ट लागावी अशी. झपझप म्हणाली, घालून बघू का? तर हा म्हणतो, "काय करायचंय? तिचं माप मला पाठ आहे." "तिचं" म्हणाला. समोर तीच उभी होती. ते मी ऐकलं आणि तिनंही ऐकलं.

शर्ट तिच्या अंगात गेला नाही. छातीपाशीच अडला. बघितलं तेव्हा उलगडा झाला. पिशवी घेऊन दुकानात येणाऱ्या त्या मुलीचं माप होतं ते. अगदी उजवा खांदा जेमतेम उतरता, तेव्हा होता तेवढाच. शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात, माया म्हणतात तिला. गिऱ्हाइकांच्या कोटात हा पुढच्या पोटांचा विचार करून भरपूर माया सोडायचा. इथे मुळीच नव्हती. त्याच्या लेखी ती मुलगी काही जाड होणार नव्हती.

झपझप शर्ट घेऊन माझ्याकडे आली. आम्ही दोन्ही बाजू उसवल्या आणि तिनं बगलेपासून खालपर्यंत हिरव्या कापडाच्या पट्ट्या घातल्या. टपाल वाटणाऱ्या हाताची शिवण, वाकडीतिकडी. मी म्हटलं, अगं, विकतचा घाल, बाजारात ढीग पडलेत. म्हणाली, "मग ते कशावरून ओळखतील?"

आगगाडीत त्याला खिडकी दिली. तो खुशीत होता, बाहेरची शेतं आणि गुदामं बघत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पाठी मोजत. हॉटेलची खोली म्हणजे जिन्याखालची अडगळ बरी. दोन पलंग, मला एक घडीची खाट, खिडकीसमोर भिंत. आदल्या दिवशी आम्ही तिघं जाऊन वळण ठरवून आलो. चपलांच्या एका मोठ्या दुकानासमोर, डाव्या हाताला, लोखंडी कठड्याला लागून. झपझपनं त्याला तिथे उभं केलं आणि मागे जाऊन पुन्हा चालत आली, तालीम म्हणून. भोवतीचे लोक बघत होते. त्याला काय चाललंय ते कळलं नसावं, पण तो आज्ञाधारक मुलासारखा उभा राहिला.

शर्यतीच्या सकाळी मात्र त्यानं कमाल केली. ती अंगात जाकीट घालून बूट बांधत होती. हा पलंगावरून म्हणाला, "अगं, डावी नाडी सैल आहे. उतारावर सुटेल."

अगं! तिनं नाडी सोडून परत बांधली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, हसू दिसेल म्हणून. जिना मात्र उतरली ती तिशीतल्या बाईसारखी. आणि माझं म्हणाल तर, न पटणाऱ्या सगळ्या गोष्टी मी त्या क्षणी माफ केल्या. म्हटलं, असेल बाई हिचंच खरं.

वळणावर आम्ही लवकर जाऊन जागा धरली. एक बँड कान किटवत होता. आमच्या शेजारचा गृहस्थ सायकलची घंटा घेऊन आला होता आणि प्रत्येकासाठी वाजवत होता, उगाच. आधी वाऱ्यासारखे पळणारे गेले, मग नुसते पळणारे, मग आमच्यासारखे. भाऊ नेहमीच्या पद्धतीनं बघत होता, चेहरे सोडून खांदे. ही नाही, ही पुढे वाकते. ही नाही, हिची कंबर आखूड. किती दिवसांनी मला माझा भाऊ दिसत होता! मी मनात म्हटलं, ओळखणार.

मग पिवळा ठिपका दिसला. त्यानं माझा दंड धरला. मलाही दिसली ती, उजवा खांदा खाली, केस कपाळाला चिकटलेले, आणि लांबूनच तिनं हात पुढे काढून ठेवला होता.

"ताई," तो म्हणाला, "तो बघ तिचा शर्ट."

फरक आधी माझ्या लक्षातच आला नाही. तोवर तो कठड्याखालून वाकून रस्त्यावर गेलाही होता. झपझप आली, तळवा पुढे केला. त्यानं तळवा घेतला नाही. तिची बाही धरली.

तो भांडला वगैरे नाही. तो जन्मात कुणाशी भांडला नाही. गिऱ्हाइकाशी बोलावं तसा हळू आवाजात म्हणाला, "बाई, हा शर्ट माझ्या बायकोचा आहे. मी तिच्यासाठी शिवलाय."

धावणारे दोन्ही बाजूंनी वाट काढत जात होते. घंटेवाला घंटा वाजवतच होता. झपझप थांबली, जी शर्यतीत कधी थांबली नव्हती ती. धाप लागलेली, तोंड उघडं, ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याची नजर पट्ट्यांवर गेली.

"तुम्ही तो उसवलात," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "तिच्या मापाचा होता."

मी कठड्यापलीकडून ओरडणार होते, अरे गाढवा, हीच तुझी बायको. तोंड उघडलंही होतं. झपझपनं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, नको म्हणून. असं कुणी खोडून काढलं की तो किती घाबरतो, ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"चुकून घातला गेला," ती त्याला म्हणाली. "शर्यत संपली की परत देते."

"सावकाश द्या." तो लगेच निवळला. हिरव्या पट्टीतून एक दोरा लोंबत होता. त्यानं तो बोटाला गुंडाळून टचकन तोडला, सवयीनं. "पळा तुम्ही. तुमचा खोळंबा झाला माझ्यामुळे."

आणि ती पळाली. मला वाटलं होतं ती कठड्यापाशी येईल, बसेल, रडेल. काही नाही. मी तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. भाऊ परत आत आला आणि येणारे खांदे तपासायला लागला.

शर्यत एका बागेत संपत होती. मी त्याला कशीबशी तिथे नेली. तो वळण सोडायलाच तयार नव्हता, ती अजून यायची होती ना. बागेत झपझप आम्हाला शोधत आली, गळ्यात पदक, अंगावर पुन्हा ते जाकीट, आणि शर्ट काढून घडी घालून हातात. तिनं तो त्याला दिला. त्यानं दोन्ही हातांनी घेतला, घडी मोडून पट्ट्या बघितल्या आणि म्हणाला, काढता येतील, कापडाला धक्का लागलेला नाही. तिचे आभारही मानले.

मी तिला बाजूला घेतलं. विचारलं, अगं, तिथेच थांबायचं होतंस, पुढे पळायची काय गरज होती?

"थांबून काय करणार होते, वन्सं? तिथे मी कोण होते?"

मग आम्ही बाकावर बसलो. म्हणजे तो बसला, आणि हलेना. त्याची बायको यायची होती. गर्दी ओसरली. माणसं कठडे उचलून गाडीत टाकायला लागली, पाण्याचे कागदी पेले झाडून ढीग घालायला लागली. थंडी पडली. भाऊ मांडीवर शर्ट घेऊन फाटकाकडे बघत होता. झपझप त्याच्या शेजारी, मध्ये थोडी जागा सोडून, परक्या बाईनं बसावं तशी. बेचाळीस किलोमीटर पळालेले तिचे पाय थरथरत होते. त्याला ते दिसलं. म्हणाला, "तुम्ही जा आता, बाई. तुमच्या घरचे वाट बघत असतील."

"बसते थोडा वेळ," ती म्हणाली. मग विचारलं, "कशा दिसतात तुमच्या मिसेस? मला वाटेत भेटल्या असतील."

चेहरा त्याला सांगता येईना. कसा येणार, चेहरा त्यानं कधी पाहिलाच नव्हता. पण खांदे सांगितले, मान सांगितली, दंड, कंबर, चालताना पाऊल कसं पडतं ते सांगितलं. पिशवीचा खांदा बदल म्हणून सांगतो, पण ऐकत नाही, म्हणाला, हट्टी आहे. घाई फार. ती दुकानात शिरली की टांगलेले कोट हलतात. बोलताना त्याचा हात हवेत माप घेत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी त्याला एका दमात इतकं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि मला नाही वाटत तिनंही ऐकलं असेल. ती ऐकत होती. डोळे पुसायला तिनं हात वर नेला नाही. तसंच वाहू दिलं, घाम समजेल कुणी म्हणून.

"भारी आहेत तुमच्या मिसेस," शेवटी ती म्हणाली.

"आहेच," तो म्हणाला.

त्याला तिथून उठवलं तिनंच. म्हणाली, चला, आपण वाटेत बघत बघत जाऊ. ते त्याला पटलं. तिघं निघालो, तो मध्ये. ती इतकी लंगडत होती की त्यानं सभ्यपणे तिला हात दिला. परतीच्या आगगाडीत तिला खिडकीही त्यानंच दिली.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. "अगं" तो परत कधी म्हणाला नाही. झपझप त्याच घरात राहते, रांधते, त्याची दाढी करते, आणि त्याच्या लेखी ती एक चांगली बाई आहे, शेजारून येणारी. शर्यती तिनं सोडल्या. सकाळचं पळणं मात्र सोडलं नाही. तेवढा वेळ मी तिच्याकडे जाऊन बसते. तो फाटकापाशी उभा असतो. ती निघाली की सांगतो, माझी बायको वाटेत दिसली तर लवकर ये म्हणावं. ती परत आली की विचारतो, दिसली का? ती सांगते, दिसली, टेकडीपाशी होती, छान पळत होती, मागून येतेय. मग तो शांत होऊन चहाला आत येतो.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी तिला म्हटलं, रोज उठून अशा थापा किती मारशील? तिनं कपबश्या विसळता विसळता सांगितलं की न येण्यापेक्षा मागून येणं बरं.

परवा थंडी होती. त्यानं कपाटातून तिचाच निळा स्वेटर शोधून काढला आणि तिच्या हातात दिला. म्हणाला, बाई, तिला एवढा नेऊन द्याल का, तशीच गेलीय. झपझप तो हातात धरून निघाली. मी फाटकातून बघत होते. कोपऱ्यावर वळल्यावर तिनं तो अंगात घातला, आणि पळायला लागली.